फुकटचा राखणदार

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा फोन आला. आवाज पार बसलेला होता. घरच्या संगणकावरच्या साऱ्या फायलींची नावे बदलली होती; प्रत्येक नावामागे चार अनोळखी अक्षरे चिकटली होती आणि एकही फाईल उघडत नव्हती. सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी होती : फायली परत हव्या असतील तर इतके डॉलर भरा. प्रबंधाची तीन प्रकरणे तिने आम्हांला ईमेलने पाठवली होती, म्हणून ती वाचली. गेली ती चार वर्षे गावोगाव हिंडून जमवलेली जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे. ज्या बायकांनी त्या ओव्या गायल्या त्यांपैकी दोघी आता हयात नाहीत. हे सारे सांगून झाल्यावर तिने विचारले, "सर, आता कोणता फुकटचा अँटीव्हायरस घालू?"

हा प्रश्न आम्ही गेली वीस-पंचवीस वर्षे ऐकत आलो आहोत. प्राध्यापक-कक्षात, चर्चासत्राच्या चहापानात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. उत्तरादाखल कुणीतरी एक नाव सांगतो, दुसरा कुणी ते खोडून आणखी एक नाव सांगतो, आणि विषय संपतो. नावे दर चार-पाच वर्षांनी बदलतात, प्रश्न तोच राहतो. आमचे म्हणणे असे की, प्रश्नाची मांडणीच चुकलेली आहे. कोणता राखणदार ठेवावा हे विचारण्याआधी त्या राखणदाराचे पोट कोण भरतो हे विचारायला हवे. बोलणारा कोण, तो कोणाशी बोलतो आहे आणि त्याचा हेतू काय, हे प्रश्न संहितेला विचारण्याचे शिक्षण घेतलेली आणि देणारी आपण माणसे. पण संगणकाच्या पडद्यावर करारनाम्याची चाळीस पाने आली की ती न वाचता 'मान्य आहे' या बटणावर टिचकी मारून आपण मोकळे होतो.

त्या मुलीच्या बाबतीत काय घडले ते आधी सांगतो, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. तिला एका दिवंगत अभ्यासकाच्या जुन्या फायली मिळाल्या होत्या. त्या युनिकोडपूर्व काळातल्या एका फाँटात टंकलेल्या होत्या आणि तो फाँट ज्या विकतच्या सॉफ्टवेअरबरोबर येतो ते घेण्याची तिची ऐपत नव्हती. आंतरजालावर शोध घेता त्याची 'क्रॅक' केलेली प्रत फुकट मिळाली. सोबतच्या सूचनेत पहिली ओळ होती : आधी अँटीव्हायरस बंद करा. तिने तो बंद केला. म्हणजे दारात राखणदार होता आणि तो जागाही होता. चोराने सांगितले म्हणून घरमालकाने स्वतःच त्याला रजा दिली.

आता थोडे मागे जाऊ. 'व्हायरस' हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ विष. आपल्या 'विष' शब्दाशी त्याचे मूळ एकच आहे असे भाषाशास्त्र सांगते. त्यामुळे 'विषाणू' हा प्रतिशब्द नुसता अनुवाद नाही, तो मूळ शब्दाचा आप्त आहे. संगणकाच्या संदर्भात हा शब्द रूढ झाला तो अमेरिकेतील फ्रेड कोहेन यांच्यामुळे. स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसवणारा प्रोग्रॅम त्यांनी १९८३ मध्ये प्रयोग म्हणून करून दाखवला आणि १९८४ मध्ये त्यावर निबंध लिहिला; नाव सुचवले ते त्यांचे मार्गदर्शक लिओनार्ड एडलमन यांनी. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा विषाणू फ्लॉपीवरून जगभर गेला. त्यात त्या दोघांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. अभंगाच्या शेवटी कर्त्याची नाममुद्रा यावी तसे! पुढच्या विषाणूकारांनी अर्थातच ही प्रथा पाळली नाही.

आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९९५. त्या वर्षी 'कॉन्सेप्ट' हा विषाणू वर्डच्या दस्तऐवजांतून पसरला. तोवर समज असा होता की विषाणू प्रोग्रॅमला लागतो, लेखनाला लागत नाही. वर्डच्या फाईलमध्ये 'मॅक्रो' म्हणून छोट्या आज्ञावली ठेवता येतात आणि त्याच वाटेने तो शिरला. मार्च १९९९ मधला 'मेलिसा' याच वाटेने आला आणि उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःची प्रत पाठवत सुटला. लेखच रोगवाहक झाला.

मराठीच्या अभ्यासकांना हा प्रकार समजावून सांगण्यास फार लांबचे उदाहरण नको. हस्तलिखितांच्या परंपरेत प्रक्षेप म्हणतात तो हाच. मूळ पोथीत कुणीतरी आपली ओवी घालतो, पुढचा नकलकार तिच्यासकट प्रत करतो, आणि काही पिढ्यांनी मूळ कोणते नि भर कोणती हे ओळखणे अवघड होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये असे बजावले, ते याच भयापोटी. अँटीव्हायरस जे काम करतो ते पाठचिकित्सकाचेच आहे, फक्त एका क्षणात आणि लाखो पोथ्यांवर.

त्याच्या पद्धतीही ओळखीच्या वाटतील. पहिली पद्धत खुणेची. माहीत असलेल्या प्रत्येक विषाणूतला एक वैशिष्ट्यपूर्ण तुकडा यादीत नोंदवलेला असतो. त्याला 'सिग्नेचर' म्हणतात. फाईल आली की ती या यादीशी ताडून पाहायची. पण कालच जन्मलेला विषाणू यादीत नसतो. म्हणून दुसरी पद्धत शैलीची. हा प्रोग्रॅम वागतो कसा? स्वतःला लपवतो का? दुसऱ्यांच्या फायली घाईघाईने बदलत सुटला आहे का? शैलीवरून कर्तृत्व ठरवण्यात जे धोके आपल्याला ठाऊक आहेत ते येथेही आहेत. निरपराध दोषी ठरतो. कळफलकावरच्या कळा मधल्यामध्ये अडवून देवनागरी अक्षर उमटवणारे एखादे साधे टंकलेखन-साधन पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमसारखे दिसू शकते, कारण दोघांची वागण्याची तऱ्हा सारखी. आणि पुष्कळ दोषी सुटतात.

सगळे दोषी पकडणारा अँटीव्हायरस निघेल का? नाही, आणि हे तर्काने सिद्ध झालेले आहे. कोहेन यांच्या १९८४ च्या निबंधातच त्याचा पुरावा आहे. समजा, कोणताही प्रोग्रॅम विषाणू आहे की नाही हे अचूक सांगणारा परीक्षक तयार झाला. मग कुणीही असा प्रोग्रॅम लिहील की जो त्या परीक्षकालाच आधी विचारेल, 'मी विषाणू आहे का?' परीक्षक 'हो' म्हणाला तर तो गप्प बसेल, 'नाही' म्हणाला तर पसरू लागेल. दोन्ही वेळा परीक्षक चुकला. 'मी आत्ता खोटे बोलतो आहे' या जुन्या कोड्याचाच हा अवतार. म्हणून 'शंभर टक्के संरक्षण' असे डब्यावर छापलेले दिसले की, तो अँटीव्हायरस फुकट असो वा हजाराचा, विधान खोटे आहे एवढे निश्चित समजावे.

आता 'फुकट' या शब्दाकडे वळू. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात अनेक अर्थ कोंबलेले आहेत. मराठीजवळ मोफत, विनामूल्य, मुक्त आणि फुकट असे चार शब्द आहेत. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण संगणकाच्या राखणदारीपुरते ते वेगळे ठेवले तर चार निरनिराळे व्यवहार लख्ख दिसतात.

पहिला मोफत. हा फारसीतून आलेला शब्द आणि दुकानाच्या पाटीवर शोभणारा. एकावर एक मोफत म्हणतो तेव्हा दुकानदार धर्मादाय करत नसतो हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते. घरगुती वापरासाठी मोफत मिळणाऱ्या प्रसिद्ध अँटीव्हायरसांपैकी दोघांचे मूळ गाव जुन्या चेकोस्लोव्हाकियात आहे. प्रागमध्ये पाव्हेल बाउडिश यांना १९८८ मध्ये एका फ्लॉपीवर 'व्हिएन्ना' नावाचा विषाणू सापडला. त्याला काढून टाकणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि एदुआर्द कुचेरा यांच्या साथीने पुढे जे उभे राहिले ते 'अवास्ट'. बर्नो शहरात १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ग्रिसॉफ्ट कंपनीचा 'एव्हीजी'. अवास्टने २००१ पासून घरगुती आवृत्ती मोफत केली. हिशेब सरळ होता : मोफत घेणाऱ्या शेकडोंपैकी काही जण पुढे पैसे भरतील आणि बाकीच्यांच्या संगणकांवरून नव्या विषाणूंची खबर मिळत राहील. आपल्याकडे सायबर कॅफेपासून प्राध्यापकांच्या बैठकीच्या खोलीपर्यंत ही दोन नावे त्या वाटेने पोहोचली आणि त्यांनी पुष्कळांचे भले केले, हे नाकारण्याचे कारण नाही.

मात्र पुढचा अध्याय वाचणे अगत्याचे आहे. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतला. त्याच काळात अवास्टची 'जंपशॉट' नावाची एक उपकंपनी होती. अँटीव्हायरस वापरणारे लोक आंतरजालावर काय पाहतात, काय शोधतात, कोठे जातात याच्या नोंदी तिच्यामार्फत विकल्या जात होत्या. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकी पत्रकारांनी हे उघडकीला आणले आणि अवास्टने ती उपकंपनी बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी कंपनीवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची जबाबदारी टाकली आणि अशा नोंदी जाहिरातीसाठी विकण्यास बंदी केली. शंभराहून अधिक कंपन्यांना या नोंदी विकल्या गेल्याचे आयोगाचे म्हणणे होते. दुसऱ्यांनी तुमच्यावर पाळत ठेवू नये म्हणून आम्हांला घरात घ्या, असे सांगून हा राखणदार आत आला होता. कुंपणच शेत खाते ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगाच केली नाही.

यानंतरची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. २०२२ मध्ये अवास्ट आणि अमेरिकेतील नॉर्टनची कंपनी एकत्र आल्या. त्याआधीच जर्मनीचा 'अविरा' नॉर्टनने घेतला होता. आज अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावे 'जेन डिजिटल' या एकाच कंपनीची आहेत. म्हणजे 'अवास्ट नको, एव्हीजी घाल' हा प्राध्यापक-कक्षातला वाद एकाच दुकानाच्या दोन खिडक्यांबद्दल चालू असतो. राखणदाराच्या हाती किती सत्ता असते याचेही उदाहरण ताजे आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये रशियन कंपनी कॅस्परस्कीच्या उत्पादनांवर बंदी घातली. तेव्हा सप्टेंबरमध्ये तिथल्या पुष्कळ ग्राहकांना आपल्या संगणकावरून कॅस्परस्की जाऊन त्या जागी 'अल्ट्राएव्ही' नावाचा दुसराच अँटीव्हायरस आपोआप बसलेला आढळला. घराची किल्ली ज्याच्याकडे असते तो पाहारेकरी बदलूही शकतो.

दुसरा शब्द विनामूल्य. वेगळे मूल्य न आकारता मिळते ते; पुस्तकाबरोबर येणारे वेष्टन जसे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' हा अँटीव्हायरस विनामूल्य दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' या नावाने तो प्रणालीतच समाविष्ट केला. आरंभीच्या वर्षांत स्वतंत्र चाचण्यांत त्याचे गुण यथातथाच होते आणि 'डिफेंडर पुरेसा नाही' हे मत तेव्हा बरोबर होते. आज ते मत शिळे झाले आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील ज्या प्रयोगशाळा अशा चाचण्या घेतात त्यांच्या अलीकडच्या निकालांत डिफेंडर विकतच्या नामवंतांच्या पंगतीला बसतो. त्याचे मूल्य विंडोजच्या किमतीत आलेले असते. तो सतत 'पैसे भरा, नाहीतर धोका' असे लाल फलक दाखवत नाही. हा व्यवहार निर्मळ आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. संशयित फायलींचे नमुने तोही कंपनीकडे पाठवतो, आणि घर बांधणाऱ्यानेच राखणदार द्यावा यात मक्तेदारीचा वास आहेच. पण विंडोज वापरायचे म्हटल्यावर त्या कंपनीवर आपण विश्वास टाकलेलाच असतो. आणखी एका अनोळख्यावर टाकायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरा मुक्त. ज्याची संहिता कुणीही वाचावी, तपासावी, बदलावी, वाटावी, असे सॉफ्टवेअर. 'क्लॅमएव्ही' हा या वर्गातला अँटीव्हायरस; तोमाश कोय्म या पोलिश तरुणाने तो सुरू केला, आज तो सिस्को कंपनीच्या आश्रयाला आहे आणि जगभरच्या ईमेलच्या सर्व्हरांवर चाळणीचे काम करतो. तत्त्व म्हणून आमचे मन याच्याकडे ओढ घेते. तरीही घरच्या विंडोजवर एकटा तोच ठेवा असे आम्ही सांगणार नाही. प्रत्येक फाईल उघडताक्षणी अडवून पाहणे हे घरच्या राखणदाराचे मुख्य काम, आणि ते क्लॅमएव्ही विंडोजवर करत नाही. आपण सांगू तेव्हा तपासून देतो. तत्त्व आणि उपयुक्तता यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही.

चौथा फुकट. आपल्या बोलीतला, थोडा लाजिरवाणा, थोडा लबाड शब्द. विकतच्या अँटीव्हायरसची 'क्रॅक' केलेली प्रत हा त्याचा नमुना. कुलूपच चोरबाजारातून आणण्यासारखे हे आहे. त्याहून वाईट म्हणजे बनावट अँटीव्हायरस. २००८-०९ च्या सुमारास 'अँटीव्हायरस २००९' अशा भारदस्त नावांचे प्रोग्रॅम फुकट तपासणी करून संगणकात शेकडो विषाणू 'सापडल्याचे' दाखवत आणि ते काढण्याचे पैसे मागत. विषाणू एकच असे, तो स्वतः. त्याचे वंशज आजही 'तुमचा संगणक संकटात आहे' म्हणत पडद्यावर उसळतात. 'फ्री अँटीव्हायरस' एवढेच शब्द टंकून जो पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारतो तो बहुधा यांच्याच अंगणात पोहोचतो.

आपल्या मातीतल्या प्रयत्नांचा उल्लेख येथे करायला हवा. गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी पुण्यात १९९० च्या दशकाच्या मध्यात 'क्विक हील' उभा केला. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. तो फुकट नाही, आणि फुकट नसणे हा काही दोष नव्हे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. तेथून विषाणू काढून टाकणारी साधने विनामूल्य मिळतात. ती झाडू आहेत, राखणदार नव्हेत. घाण झाल्यावर उपयोगी पडतात.

तर मग आमचे मत काय? घरचा संगणक विंडोजचा असेल तर त्यात असलेला डिफेंडर पुरेसा आहे. तो चालू आहे एवढे पाहावे आणि वर दुसरा बसवू नये. दुसरा बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, म्हणजे दोन राखणदार मिळत नाहीत, फक्त अदलाबदल होते. ज्यांना फोनवर मदत करणारे माणूस हवे आहे त्यांनी पैसे भरून एखादा घ्यावा. तो सरळ व्यवहार आहे. मोफतच्या वाटेला मात्र आजच्या घडीला जाण्याचे कारण उरलेले नाही.

पण हे उत्तर त्या मुलीच्या कामाचे नव्हते, कारण डिफेंडर तिच्याकडे होताच. म्हणून आमचे खरे म्हणणे पुढेच आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर हाहाकार केला, तेव्हा ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिलेली होती. ज्यांनी अपडेट टाळला ते बुडाले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतवाढीची सोय मर्यादित काळापुरती आहे. त्या प्रणालीवर आणखी एक अँटीव्हायरस चढवणे म्हणजे भिंत खचलेल्या घराच्या दाराला दुसरे कुलूप लावणे. नवी विंडोज घेण्याची ताकद त्या यंत्रात नसेल तर लिनक्स बसवावे. लेखन-वाचनाला ते पुरते.

दुसरी गोष्ट प्रतींची. हस्तलिखितांचा इतिहास शिकवणाऱ्यांना हे सांगावे लागू नये, पण लागते : ग्रंथ टिकला तो एका प्रतीच्या बळकटपणामुळे नव्हे, अनेक प्रती अनेक मठांत होत्या म्हणून. फायलींच्या तीन प्रती असाव्यात. त्यांतली एक बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवलेली. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो. डिफेंडरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरांत हात घालू न देण्याची एक सोय आहे. ती मुळात बंद असते, 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये जाऊन चालू करावी लागते. झेरॉक्सच्या किंवा डीटीपीच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नये. तेथून आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसण्याचा अनुभव आपल्यापैकी किती जणांना आहे! एखादी फाईल संशयास्पद वाटली तर 'व्हायरसटोटल'वर ती टाकून अनेक अँटीव्हायरसांचे मत एकदम घेता येते. मात्र तेथे टाकलेली फाईल इतर तज्ज्ञांनाही पाहता येते, म्हणून अप्रकाशित हस्तलिखित वा परीक्षेची प्रश्नपत्रिका तेथे नेऊ नये.

राखणदार जागा आहे का हे पाहण्याचीही एक सुरेख युक्ती आहे. 'आयकार' या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक ओळ तयार केली. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे; पण तिला विषाणू म्हणायचे असे साऱ्या अँटीव्हायरसांनी आपसांत ठरवले आहे. ती ओळ फाईलमध्ये ठेवली की जागा राखणदार ओरडतो. शब्दाचा अर्थ केवळ संकेताने ठरतो हे विद्यार्थ्यांना समजावताना आम्ही अलीकडे हेच उदाहरण देतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी आणि ती संगणकतज्ज्ञांच्या नव्हे, आपल्या हातातली आहे. आमचा अनुभव असा की मराठी माणसाच्या संगणकाला लागणारी कीड पुष्कळदा फाँटाच्या वाटेने येते. वीस-पंचवीस वर्षांचे मराठी लेखन, नियतकालिकांचे अंक, प्रबंध, कोशांच्या नोंदी, परस्परांशी न जुळणाऱ्या खासगी फाँटांत अडकून पडले आहे. ते वाचायचे तर विकतचे सॉफ्टवेअर हवे. ते परवडत नाही म्हणून चोरटी प्रत. आणि चोरट्या प्रतीबरोबर विषाणू. ही साखळी अँटीव्हायरसने तुटणार नाही. युनिकोड आल्यानंतर ती चालू राहण्याचे सबळ कारणही नाही. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. लेखनासाठी लिब्रेऑफिस आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेला एक देखणा फाँट कुणालाही वापरता यावा म्हणून खुल्या परवान्याखाली ठेवला आहे. त्याचे नावच 'मुक्ता'. तरीही प्रकाशक जुन्याच फाँटातली फाईल मागतात आणि आपण निमूटपणे देतो. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी प्रबंध केवळ युनिकोडमध्ये घ्यावेत आणि आपल्याकडचा जुना मजकूर विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी परिवर्तित करावा, एवढा एक नियम जरी केला, तरी तो कोणत्याही अँटीव्हायरसपेक्षा अधिक घरे वाचवील असे आमचे ठाम मत आहे.

यावर आक्षेप येईल : गरीब विद्यार्थ्याला नीतीचे पाठ देणे सोपे आहे. आक्षेप खरा आहे, म्हणून आम्ही बोट विद्यार्थिनीकडे करत नाही. तिला त्या फायली ज्यांनी दिल्या, ज्यांनी तिला 'बघ कुठे मिळाले तर' असे सांगितले, त्यांच्यात आम्हीही होतो. सॉफ्टवेअर फुकट मिळवण्याची हुशारी आम्हीच वर्षानुवर्षे मिरवली आहे. ती घेऊनच ही मुले आंतरजालावर उतरतात.

त्या ध्वनिमुद्रणांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. खंडणी भरू नकोस असे आम्ही तिला सांगितले. युरोपीय पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमाकडे काही खंडणीखोरांची कुलपे उघडणाऱ्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. तिच्या फायलींची किल्ली त्यांत नव्हती. मात्र हा विषाणू 'स्टॉप' नावाच्या कुळातला निघाला. या कुळातले विषाणू घाईपोटी प्रत्येक फाईलचा फक्त सुरुवातीचा भाग कुलूपबंद करतात, उरलेला तसाच सोडतात. त्यामुळे एका जाणकाराच्या मदतीने बऱ्याच ध्वनिफिती आरंभीची आठ-दहा सेकंदे सोडून पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

ओव्या मिळाल्या. पण प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी त्या त्या बाईने आपले नाव आणि गाव सांगितले होते, आणि गेलेली आठ-दहा सेकंदे नेमकी तीच होती. आता ती मुलगी आवाज ओळखीत बसली आहे, आणि ज्या आवाजांची खात्री पटत नाही ते घेऊन पुन्हा त्या त्या गावी जाते आहे.